नियमित धावणाऱ्याचा कमी रक्तदाब आणि भोवळ: काळजी नेमकी कशाची करावी?

दूरचीधाव यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ३८ आहे आणि अनेक वर्षांपासून मी लांब पल्ल्याचे धावतो. बसलेल्या स्थितीत माझा रक्तदाब १०० वर ६२ च्या आसपास असतो, आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजली तर नाडी मिनिटाला ४६ ते ४८ भरते. हे आकडे उत्तम तब्येतीचे लक्षण आहेत असे आजवर सगळ्यांकडून ऐकत आलो. अलीकडे मात्र याच आकड्यांनी मला विचारात पाडले आहे.

खाली बसून बुटाची लेस बांधून झटकन उभा राहिलो की नजरेच्या कडा काळवंडत आत येतात, कानात दडे बसल्यासारखे होते आणि काही सेकंदांत सारे पूर्ववत होते. याची मला सवय झाली होती. गेल्या महिन्यात मात्र प्रकरण पुढे गेले. वेगाच्या सरावाची शेवटची फेरी संपवून मी जागच्या जागी थांबलो आणि कठड्याला धरून वाकलो. अंगावरचा घाम एकदम गार लागू लागला, मळमळले, सोबत्यांचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटले, आणि त्यानंतर आठवते ते थेट जमिनीवर आडवा असल्याचे. कोणीतरी मला काखेत धरून बसवू पाहत होते. अर्ध्या मिनिटाच्या आत मी शुद्धीवर आलो असे सोबती सांगतात. माझ्या हाताला दोन-तीन झटके आल्याचे त्यांच्यापैकी एकाने पाहिले, त्यामुळे घरच्यांना ती फिट होती अशी शंका आहे.

ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी रक्तदाब मोजून, ‘खेळाडूंचा असा कमी असतोच, पाणी आणि मीठ वाढवा’ असे सांगितले. ईसीजी काढला नाही. माझा प्रश्न असा आहे की हृदय सरावाने बळकट झाले असेल, तर केवळ उभे राहण्याने किंवा थांबण्याने माणूस कोसळावा कसा? आणि असे एकदा झाल्यावर नुसत्या पाण्या-मिठावर समाधान मानणे योग्य आहे का? धावणे पूर्ण सोडण्याची माझी तयारी नाही, पण नाइलाज असेल तर तेही स्पष्ट सांगावे.

रुग्णकक्ष यांचे उत्तर

मी डॉक्टर आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही, पण तुम्ही घटना इतक्या नीट लिहिली आहे की काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

व्यायाम करणाऱ्या माणसाची शुद्ध हरपली, तर माझा पहिला प्रश्न रक्तदाबाच्या आकड्याविषयी नसतो. पूर्ण जोरात धावत असताना पडलात की थांबल्यानंतर, हे मी आधी विचारतो. थांबल्यानंतर किंवा उभे राहिल्यावर, आधी मळमळ, गार घाम आणि अंधारी अशी सूचना देऊन येणारी भोवळ बहुतेक वेळा रक्ताभिसरणाच्या तात्पुरत्या तोल जाण्याने येते. भर वेगात, काही कळायच्या आत कोसळणे हा निराळा प्रकार आहे, आणि हृदयाचा आजार नाही हे सिद्ध होईपर्यंत तो हृदयाचाच मानावा लागतो. तुमचे वर्णन पहिल्या प्रकारात बसते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. सराव असलेल्या धावपटूत जोराच्या व्यायामात हेच प्रमाण २० लिटरच्या पुढे जाते, आणि त्यातले बहुतांश पायांच्या स्नायूंकडे वळवलेले असते. त्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात. हे रक्त वर परत येते ते मुख्यतः प्रत्येक पावलागणिक आवळणाऱ्या पोटऱ्यांमुळे आणि मांड्यांमुळे. तुम्ही एकदम थांबलात की हे ढकलणे त्याच क्षणी बंद पडते, पण रुंदावलेल्या वाहिन्या पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो. जोराच्या व्यायामानंतर रक्तदाब काही तास नेहमीपेक्षा खाली राहू शकतो. त्यातच सरावलेल्या माणसाची नाडी थांबल्याबरोबर फार लवकर उतरते. रक्त पायांत साचलेले, हृदय पुरेसे भरत नाही आणि ठोकेही मंदावत आहेत, अशा स्थितीत मेंदूचा पुरवठा काही सेकंद अपुरा पडला की शुद्ध जाते.

साधे उठून उभे राहिले तरी ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त पायांत आणि पोटाच्या भागात उतरते. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींमध्ये दाब जोखणारी संवेदक केंद्रे आहेत. ती लगेच नाडी वाढवतात आणि वाहिन्या आवळतात. सहनशक्तीचे खेळ वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांमध्ये हृदयाचा डावा खालचा कप्पा मोठा आणि अधिक ताणला जाणारा होतो. धावताना तो भरपूर भरतो, हे त्याचे बळ. परंतु भरणे थोडे कमी झाले, की प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त इतरांपेक्षा अधिक प्रमाणात घटते. तेव्हा उभे राहताच येणारी अंधारी ही हृदय दुबळे असल्याची खूण नसून, ते ज्या पद्धतीने घडले आहे तिची दुसरी बाजू आहे. ९० वर ६० च्या खालचा दाब कमी म्हणावा असा संकेत आहे, पण त्रास होत नसेल तर तो आकडा स्वतः आजार नव्हे.

हाताला आलेल्या झटक्यांविषयी घरच्यांना धीर द्या. मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण खंडित झाला की असे चार-दोन अनियमित झटके साध्या भोवळीतही येतात. फिटमध्ये झटके लयबद्ध असतात आणि बहुधा मिनिटभर किंवा त्याहून अधिक चालतात, जिभेची कड चावली जाण्याचा संभव असतो आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. तुम्ही मात्र लगेच भानावर आलात. तुम्हाला बसवण्याचा प्रयत्न झाला ही गोष्ट मला अधिक खटकते. शुद्ध हरपलेल्या माणसाला उभे धरणे किंवा बसवणे म्हणजे मेंदूकडे जाणारे रक्त आणखी रोखणे होय; त्यानेही झटके येतात आणि बेशुद्धी लांबते.

तुमच्या डॉक्टरांचे निदान कदाचित बरोबर असेल, पण ईसीजी न काढता ते पुरे मानणे मला मान्य नाही. शुद्ध हरपलेल्या प्रत्येकाचा ईसीजी निघायला हवा, मग तो कितीही तंदुरुस्त दिसो; तपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि काही मिनिटांत होते. तो वाचणाऱ्याला मात्र तुम्ही नियमित धावता हे आवर्जून सांगा. मंद नाडी किंवा वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संदेश पोचायला लागणारा किंचित जास्त वेळ धावपटूत स्वाभाविक असतो. उलट काही बदल असे असतात की ते ‘खेळाडूचे हृदय’ या नावाखाली कधीच झाकू नयेत.

पुढील माहितीही हवी आहे. पडण्याआधी धडधड किंवा छातीत दुखणे होते का, कधी झोपलेल्या किंवा आडव्या स्थितीत अशी भोवळ आली आहे का, अलीकडे ताप किंवा विषाणूजन्य आजार झाला होता का, आणि कुटुंबात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावले आहे का? शक्य असल्यास घरी पाच-दहा मिनिटे आडवे पडून रक्तदाब आणि नाडी मोजा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि आकडे इथे लिहा.

पट्टीवरचा यांचे उत्तर

मी धावपटूंना प्रशिक्षण देतो. वर डॉक्टरांनी कारणमीमांसा केलीच आहे. मी मैदानावर काय करायचे तेवढे लिहितो.

शेवटची फेरी संपली की थांबायचे नाही. वेग उतरवत पाच ते दहा मिनिटे चालत राहायचे, आणि मोठ्या स्पर्धेत अंतिम रेषेपलीकडे गर्दीमुळे खोळंबा झाला तर जागच्या जागी पावले उचलत राहायचे. तुम्ही केलेत तसे कठड्याला टेकून, गुडघे ताठ ठेवून वाकणे सर्वांत वाईट, कारण त्यात पोटऱ्या पूर्णपणे निष्क्रिय असतात आणि पुन्हा सरळ होताना डोके एकदम वर येते. धावून आल्याबरोबर कडक गरम पाण्याने उभ्याने अंघोळ करणेही टाळावे. आधीच रुंदावलेल्या वाहिन्या उष्णतेने आणखी रुंदावतात.

अंधारी येऊ लागली की लाज न बाळगता तिथेच आडवे व्हावे आणि पाय कशावर तरी उंच ठेवावेत. आडवे होणे शक्य नसेल तर पायांवर पाय आडवा टाकून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळावे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने बाहेर ओढावे, किंवा सरळ उकिडवे बसावे. याने रक्तदाब काही सेकंदांत वर येतो. पूर्वसूचना देऊन वारंवार भोवळ येणाऱ्यांवर या उपायाची रीतसर चाचणी झालेली आहे आणि तो उपयोगी ठरला आहे. मी नवीन मुलांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवतो, कारण सूचना मिळाल्यापासून पडेपर्यंत हाताशी असणारा वेळ फार थोडा असतो आणि त्यात विचार करायला सवड नसते.

पाण्याविषयी सावधपणे बोलायला हवे. अंतिम रेषेनंतर कोसळलेल्या प्रत्येकाला ‘पाणी कमी पडले’ असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु लांब पल्ल्याच्या स्पर्धांत असे कोसळलेले धावपटू इतरांपेक्षा अधिक कोरडे पडलेले असतातच असे नाही. त्यांतले बहुतेक जण पाय वर करून आडवे ठेवले की सावरतात. याउलट तासन्तास गरजेपेक्षा जास्त पाणी पिणाऱ्याच्या रक्तातले सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरू शकते. डोकेदुखी, उलट्या, गोंधळ आणि पुढे आकडी अशी त्याची चाल असते, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. तहानेप्रमाणे प्यावे, हा नियम बहुतेकांना पुरतो. मीठ वाढवण्याचा सल्लाही रक्तदाब खरोखर कमी असणाऱ्यालाच लागू आहे. तुमचे ऐकून उच्च रक्तदाबाच्या सोबत्याने तो उचलू नये.

दोन प्रसंगी मात्र पाय वर करून वाट पाहत बसायचे नाही. कडक उन्हात धावणारा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा आक्रमक झाला, तर शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आहे असे समजून त्याला आहे तिथेच थंड पाण्यात बुडवावे किंवा त्याच्यावर सतत थंड पाणी ओतावे, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ते थांबवू नये. आणि पडलेला माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल व श्वास नीट चालत नसेल, तर ती भोवळ नव्हे, हृदय बंद पडले आहे. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन युरो स्पर्धेच्या सामन्यात कोणाचा धक्काही न लागता कोसळला. मैदानावरच छातीवर दाब देण्यात आला, विजेचा झटका देणारे यंत्र वापरले गेले, आणि म्हणून तो वाचला. झटके येत आहेत किंवा अधूनमधून आचका दिल्यासारखा श्वास येतो आहे, एवढ्यावरून फसून कोणी थांबू नये. लगेच मदत बोलवावी, छातीवर दाब सुरू करावा आणि ते यंत्र मागवावे.

वजने उचलणाऱ्यांसाठी एक ओळ जोडतो. श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब प्रचंड चढतो आणि श्वास सोडताच धाडकन उतरतो. वजन खाली ठेवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते त्यामुळे. उचलताना श्वास सोडत राहण्याची सवय लावून घ्यावी.

सावकाशगती यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे वाचली. माझा अनुभव वेगळ्या दिशेचा असल्याने लिहिते आहे.

माझीही नाडी उतरत गेली, रक्तदाब ९० च्या घरात आला, उभी राहिले की अंधारी येऊ लागली, आणि आजूबाजूचे सर्व जण माझ्या तंदुरुस्तीचे कौतुक करीत होते. प्रत्यक्षात मी सराव वाढवला होता आणि आहार मात्र पूर्वीइतकाच, काही दिवस त्याहूनही कमी ठेवला होता. पाळी आधी अनियमित झाली आणि मग बंद पडली. तेही ‘धावणाऱ्या मुलींचे होतेच असे’ म्हणून सोडून दिले गेले. शरीराला सरावाच्या मानाने पुरेशी ऊर्जा मिळाली नाही की ते काटकसरीला लागते आणि नाडी, रक्तदाब, हाडांची घनता, संप्रेरके सारेच खाली आणते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती पुरुषांमध्येही आढळते असे नोंदवले आहे. म्हणून मंद नाडी दिसली की ती सरावाने आली आहे की उपासमारीने, हे विचारले गेलेच पाहिजे. वजन घटत असेल, झोप बिघडली असेल, सतत थंडी वाजत असेल, किरकोळ दुखापती बऱ्या होत नसतील, तर उत्तर बहुधा दुसरे असते.

याच काळात माझे हिमोग्लोबिन ‘ठीक’ निघाले म्हणून लोहाचा विषय बंद केला गेला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासायला लावले तेव्हा साठा जवळजवळ संपलेला आढळला. हिमोग्लोबिन घसरण्याच्या बऱ्याच आधी साठा रिता होतो, त्यामुळे दोन्ही तपासण्या एकत्र करून घ्याव्यात. लोहाच्या गोळ्या अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नयेत, कारण शरीरात लोह जास्त होणेही घातक असते. तुम्ही कोणती औषधे घेता तेही डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांखेरीज नैराश्यावरची आणि प्रोस्टेटवरची काही औषधेदेखील उभे राहताना दाब पाडतात.

दूरचीधाव

सर्वांचे मनापासून आभार. औषधे काही घेत नाही, वजन स्थिर आहे आणि अलीकडे ताप आलेला नाही. पडण्याआधी धडधड किंवा छातीत दुखणे नव्हते, आणि आडव्या स्थितीत भोवळ कधी आलेली नाही.

सांगितल्याप्रमाणे काल सकाळी मोजले. आडवे असताना १०४ वर ६० आणि नाडी ४७. उभे राहून एका मिनिटाने ८८ वर ५८ आणि नाडी ६६. तीन मिनिटांनी ९८ वर ६४ आणि नाडी ६२. पहिल्या काही सेकंदांत थोडी अंधारी आली, नंतर काही नाही.

कुटुंबाविषयी वडिलांना विचारले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला अर्धवटच माहीत होती. त्यांचा धाकटा भाऊ तिशीच्या आत पोहताना बुडून गेला. तो उत्तम पोहणारा होता, पाणी शांत होते आणि काठावर माणसे होती. तो मध्येच हालचाल थांबवून खाली गेला असे पाहणाऱ्यांनी सांगितले. तेव्हा पायात गोळा आला असेल असे सर्वांनी मानले. याचा माझ्या प्रश्नाशी संबंध आहे की नाही हे कळत नाही, तरी लिहितो.

रुग्णकक्ष

संबंध असू शकतो, आणि तुम्ही विचारून घेतले हे फार चांगले केले.

आधी आकडे पाहू. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरून तसाच राहिला, तर त्याला उभे राहण्याने होणारी रक्तदाबातील घट म्हणतात. तुमचा वरचा आकडा १६ ने उतरला आणि तीन मिनिटांत बहुतांशी सावरला, त्यामुळे तुम्ही त्या व्याख्येत बसत नाही. पहिल्या पंधरा सेकंदांत दाब खूप उतरून लगेच वर येणे हा वेगळा, तुमच्यासारख्या सडपातळ आणि सरावलेल्या लोकांत आढळणारा प्रकार आहे. घरचे यंत्र पट्टा फुगवेपर्यंत तो होऊन गेलेला असतो, म्हणून तुम्हाला अंधारी जाणवली आणि आकड्यात ती पुरती दिसली नाही. नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली असती, तर आणखी एका विकाराचा विचार करावा लागला असता. तसे झालेले नाही. एवढ्यावरून तुमच्या दोन्ही तक्रारींचा उलगडा होतो, आणि मी एरवी ईसीजी व रक्ततपासणी करून घ्या, धावणे चालू ठेवा, असेच सांगितले असते.

काकांच्या मृत्यूमुळे हे उत्तर बदलते. चांगला पोहणारा माणूस शांत पाण्यात अचानक बुडणे ही हृदयाच्या लयीच्या काही आनुवंशिक विकारांची ओळखीची खूण आहे. त्यांतल्या एकात ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत यायला जास्त वेळ लागतो, आणि त्याच्या एका उपप्रकारात पोहणे हेच झटका येण्याचे नेहमीचे निमित्त असते. दुसऱ्यात विश्रांतीचा ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि दोष केवळ परिश्रमात उघड होतो. तुमच्या काकांना असे काही होते असे मी म्हणत नाही. तुमची स्वतःची भोवळ त्या नमुन्याची नाही हेही खरे आहे. पण दोन गोष्टी एका कुटुंबात असताना ‘खेळाडूंचे असतेच’ म्हणून पुढे जाता येत नाही.

हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना काकांविषयीची तुमची वाक्ये जशीच्या तशी सांगा. ती तुमच्या रक्तदाबाच्या वहीपेक्षा महत्त्वाची आहेत. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) होईल, आणि ट्रेडमिलवर पूर्ण जोर लावून चाचणी घ्यावी असा आग्रह धरा. थांबल्यानंतरची काही मिनिटेही नोंद चालू ठेवायला सांगा, कारण तुमचा त्रास तिथेच सुरू झाला आणि एका विकाराचा दोषही त्या काळात अधिक स्पष्ट दिसू शकतो. वडिलांचा ईसीजीही काढून घ्या. आनुवंशिक विकार असेल तर तो तुमच्यापर्यंत त्यांच्यामार्फतच आलेला असेल.

धावणे सोडा असे मी सांगत नाही. अहवाल येईपर्यंत मात्र वेगाचे सराव आणि स्पर्धा बंद ठेवा. सपाटीवर, गप्पा मारता येतील इतक्या गतीने, सोबत कोणी असताना चालायला हरकत नाही. पोहणे तोवर पूर्ण बंद ठेवा, सोबत कोणी असले तरीही. अहवाल हाती आले की इथे लिहा, पुढचे त्यांवरून ठरवू.